नाव, नंबर, पलटण

आमच्या सातारा भागातली लढाईवर जाऊन आलेली म्हातारी माणसं सन-तारीख सांगत नसत. आमचे आजोबा, म्हणजे आबा, म्हणायचे, "बोटीत बसलो तवा तुझा थोरला चुलता रांगत हुता. माघारी आलो तर शेरडांमागं जात हुता." काळ मोजायची त्यांची ही रीत. इटलीतल्या गावांची नावं त्यांच्या तोंडात मोडकीतोडकी यायची. पण एका नदीची गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. "नदी आपल्या वढ्याएवढी. पर दोन्ही अंगाला मातीचं बांध, घराहून उंच. त्या बांधाच्या पोटात जर्मन बसल्याला. दुपारधरनं इमानं आली. आन् सांजच्याला नदीच पेटली."

पाण्याला आग लागते, असं ऐकून घरचे म्हणत, म्हाताऱ्यानं तिखटमीठ लावलंय.

आबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. पंच्यात गुंडाळलेला डिस्चार्जचा कागद होता. शाई फिकी झालेली, पण नंबर आणि पलटण वाचता येत होती : पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन. एवढ्या धाग्यावर युद्धाची पुस्तकं चाळली आणि नदी सापडली. उत्तर इटलीतली सेनिओ, लुगो गावाजवळची. तारीख ९ एप्रिल १९४५. दुपारपासून शेकडो बाँबर विमानांनी आणि तोफांनी पलीकडचा मुलूख भाजून काढला. संध्याकाळी आग ओकणारे रणगाडे बांधाशी भिडले आणि त्यांनी जर्मन दडून बसलेल्या जागांवर जाळाचे लोट सोडले. लगोलग आठव्या हिंदी डिव्हिजनचं पायदळ पाण्यात उतरलं. आबांनी पाहिलं तेच सांगितलं होतं.

त्याच दिवशीच्या पराक्रमासाठी त्याच बटालियनमधले नामदेव जाधव व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा तेवीस वर्षांचा शिपाई कंपनीचे निरोप पोचवायचं काम करी. पलीकडच्या बांधावर चढताना त्यांची तुकडी जवळजवळ कापली गेली. त्यांनी दोन जखमी साथीदारांना, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत जाऊन मशिनगनची तीन ठाणी मोडली, बांधाच्या माथ्यावर उभे राहिले आणि शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्या कंपन्यांना हाक दिली. जाधव परत आले आणि पुढे १९८४ पर्यंत जगले.

माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे मात्र परतले नाहीत. १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच पलटणीच्या तिसऱ्या बटालियनची चढाई. त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, एकटे नाईक घाडगे उरले. ते मशिनगनवर धावून गेले, ग्रेनेडने ती बंद पाडली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा हातातल्या बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. त्यांची समाधी कुठेच नाही; नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या मुलखातल्या एका लहान गावाला आपल्या माणगावचा मुलगा आठवतो, याने ऊर भरून येतो.

नाव कोरलं जाणं ही साधी गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या कितीतरी गावांच्या चावडीवर, शाळेवर संगमरवरी पाट्या लागल्या. त्यांवर गावातून किती माणसं लढाईवर गेली आणि किती मेली, एवढाच आकडा असतो. त्या युद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या, उपाशी राहिल्या, एप्रिल १९१६ मध्ये कैदेत गेल्या. तिकडे बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली. आपल्या शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. पण गेलेला माणूस कोण होता, हे सांगायला तोवर गावात कुणी उरलं नव्हतं.

म्हणून इटलीतल्या फोर्लीला गेलो. सेनिओपासून फार लांब नाही. तिथल्या हिंदी सैन्याच्या कबरस्तानात दहन झालेल्या साडेसातशेहून अधिक सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. आबांबरोबर भरती झालेला, त्यांच्या शेजारच्या आळीतला गडी त्यावर सापडला. त्याचं नाव मी बोटाने चाचपलं आणि मोठ्याने वाचलं. मग नदीवर गेलो. बांध अजून आहेत, गवताने झाकलेले, सरळसोट. त्यांच्या माथ्यावर उभं राहिलं की कळतं, इथे लपायला काही नाही. पुस्तकातला नकाशा हे सांगत नाही. आबांच्या 'घराहून उंच' या दोन शब्दांनी सांगितलं होतं.

सरकारी कागदात शौर्याची मोजकी मिनिटं नोंदली जातात. उरलेली पाच-सहा वर्षं घराकडे असतात. भिजलेला कोट चुलीपुढे वाळवून देणारी इटालियन म्हातारी आणि तिला आबांनी दिलेली साखरेची पुडी कुठल्या दप्तरात असणार? लढाई बायकांनीही काढली. तारवाला वाडीत शिरला की आजी परड्यात निघून जायची. मनीऑर्डर आली की पैशाआधी तारीख विचारायची, म्हणजे त्या दिवसापर्यंत तरी माणूस जिता होता. हे तिने फक्त लेकींना सांगितलं.

घरात असं कुणी लढाईवर गेलं असेल, तर आधी नाव, नंबर आणि पलटण शोधा. डिस्चार्जचा कागद, पदकाची कड, पेन्शनचं पुस्तक, कुठेतरी हे असतंच. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत कोरलेलं वाचायला भिंग लागेल. कागदांचे फोटो काढा. गेलेल्याचं नाव युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे चौकशी करा. आणि ऐकलेलं शुद्ध करून लिहू नका. 'नदीच पेटली'चं मी 'घनघोर लढाई झाली' केलं असतं, तर सेनिओ कधीच सापडली नसती.

आबांची पिढी गेली. त्यांच्या तोंडून ऐकलेली मुलं-मुली आता सत्तरी-ऐंशीत आहेत. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग लावून त्यांच्याजवळ बसा. आत्यांना आणि मावश्यांना आधी विचारा. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.