खिडकीजवळची जागा

कचेरीत चिकटलेल्या माणसाच्या दोनच महत्त्वाकांक्षा असतात. पहिली बढतीची; ती साहेबाच्या हातात असते. दुसरी खिडकीजवळच्या टेबलाची; ती, तिथला माणूस निवृत्त होईपर्यंत, ब्रह्मदेवाच्याही हातात नसते.

ही ओढ फार जुनी. आमच्या जिल्ह्यात (पूर्वीचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर) तिचा पुरावा दगडात कोरलेला आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात जा. वीस खांबांचा भला मोठा दिवाणखाना, आणि उजेड काय तो समोरच्या दारा-खिडक्यांतून. गाभाऱ्यातले बुद्ध बरोबर मधल्या दारासमोर, म्हणजे त्यांची सोय झाली. भिक्षूंच्या खोल्या मात्र कडेला, भर दुपारी हाताला हात दिसू नये अशा. साहेबाला उजेड आणि कारकुनांना कोपरा ही वाटणी पाचव्या शतकापासून चालत आलीय, एवढंच माझं म्हणणं.

चैत्यगृहांत मात्र कारागिरांनी डोकं चालवलं. एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यात दाराच्या वर ही मोठी कमानदार खिडकी! उजेड माणसांच्या डोक्यांवरून आत उतरतो. वेरूळचं दहावं लेणं, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, तिथेही हीच युक्ती. विजेचं बिल शून्य.

पण उजेडाचा हव्यास वाईट. 1844 मध्ये कंपनी सरकारनं मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. बिचाऱ्यानं त्या अंधारात वर्षानुवर्षं काढली. चित्रं लंडनला गेली आणि टांगली कुठे, तर क्रिस्टल पॅलेसमध्ये! लोखंड आणि काचेचा महाल, नुसता उजेडच उजेड. 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि गिलची बहुतेक मेहनत जळून गेली. मग 1872 पासून जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, तेरा वर्षं खपले. त्यांच्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. मूळ चित्रं आपली अंधारात शाबूत. शाबूत म्हणजे, नीट दिसावीत म्हणून या नकलाकारांनी त्यांना जे व्हार्निश फासलं ते पुढे पिवळं पडलं, तेवढं सोडून. ते उतरवायला निजाम सरकारला 1920 मध्ये थेट इटलीहून माणसं आणावी लागली. आता आत मंद दिवे असतात, फ्लॅशला बंदी असते, आणि पाहुणे बाहेर येऊन म्हणतात, "काही दिसलंच नाही हो!"

एवढं होऊनही काचेचा सोस सुटला नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीतली एक इमारत 'हरित' आहे. तसा तक्ताच दारात लावलाय. पूर्वेला सबंध काच. सकाळी ऊन असं येतं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो. मग पडदे ओढायचे, आणि आत अंधार झाला म्हणून दिवे लावायचे. खिडकीजवळची जागा नको म्हणून अर्ज आलेले मी प्रथमच पाहिले!

दिवेही हुशार. दहा मिनिटं हालचाल दिसली नाही, की खोलीत कुणी नाही असं समजून विझतात. हिशेबखात्यातले एक गृहस्थ मान खाली घालून मुकाट काम करणारे, त्यामुळे सगळ्यांत जास्त अंधार त्यांच्याच वाट्याला. ते दर दहा मिनिटांनी डावा हात उंच करून हलवतात. उजव्या हातानं बेरीज चालूच. शेजारचे गप्पिष्ट, त्यांचा दिवा दिवसभर लख्ख.