सरपण मुरविणे : सातारा–सांगली परिसर

नुकत्याच तोडलेल्या कठीण लाकडातील जलांश सावकाश कमी करून ते चुलीस व अन्नाला धुरी देण्यास योग्य करण्याची क्रिया. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत यासाठी मुख्यतः बाभळीचे लाकूड वापरात आले. पश्चिमेकडील सह्याद्रीच्या पट्ट्यात ऐन, जांभूळ ही झाडे उपलब्ध होती. बाभळीचे मध्यकाष्ठ घट्ट व जड असून त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो.

ओल्या लाकडातील पाण्याचे वजन कोरड्या काष्ठाच्या निम्मे वा त्याहूनही अधिक असू शकते. ते उडवून देण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. ज्वलन अपुरे राहून डांबरयुक्त धूर निघतो व त्याचा कडवटपणा अन्नास लागतो. मुरलेल्या लाकडाच्या धुरातील ग्वायकॉल, सिरिंगॉल ही फिनॉली संयुगे लिग्निनाच्या विघटनापासून निर्माण होतात. ती अन्नास विशिष्ट वास देतात आणि काही अंशी ते टिकविण्यासही साहाय्य करतात. निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देताना, किंवा वांगे भाजताना, निखारा धूरहीन असावा लागतो. चुलीवरच्या धुरात टांगलेली बियाण्याची मक्याची कणसे किडीपासून बचावतात, हाही त्याच धुराचा उपयोग होय.

तोड पावसाळा संपल्यावर करतात. साल असलेल्या अखंड ओंडक्यातील पाणी फार मंद गतीने निघते, म्हणून ओंडके लगेच फोडणे श्रेयस्कर. फोडी दगडांवर, जमिनीपासून उंच, मध्ये वारा खेळेल अशा रचतात आणि वरून पाचट घालतात. बाजू मात्र उघड्या ठेवतात. कार्तिकात रचलेला ढीग साधारणतः ज्येष्ठापर्यंत वापरण्याजोगा होतो. (अवजारांच्या लाकडास अधिक काळ लागतो, त्याच्या टोकांस भेगा पडू नयेत म्हणून शेण लिंपतात. सरपणास भेगांचे भय नाही.)

मुरविण्यास काळ लागतो आणि तेवढा काळ थांबण्यास साठा लागतो. येथेच हा विषय केवळ तंत्राचा राहत नाही. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव जंगलांत तोडीवर निर्बंध आले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात जंगल खात्याच्या जाचाबद्दल कठोर टीका केली. १९३० मध्ये बिलाशी (ता. शिराळा) येथील जंगल सत्याग्रहात गावकऱ्यांनी सागाचे झाड तोडून त्यावर ध्वज उभारला. शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये या जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. ज्याच्या बांधावर स्वतःची बाभूळ होती, त्यालाच वर्षभराचा ढीग रचणे सुकर होते. मोळीवर भागविणाऱ्या घराला मिळेल ते, प्रसंगी ओलेच, जाळावे लागे आणि त्याचा धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जाई.

कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ मध्ये घोषित झाली. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेद्वारे गॅसजोडण्या वाढल्या, तरी भाकरी, अंघोळीचे पाणी व मटण यांसाठी अनेक घरांत चूल पेटते. पुणे–बंगळूर महामार्गावरील खाणावळीही चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या लावतात. सरपण वजनावर विकत घेतल्यास ओल्या ओंडक्यातील पाण्याचेही दाम मोजावे लागतात. म्हणून जाणते गिऱ्हाईक टोकांच्या भेगा पाहते व दोन फोडी एकमेकींवर आपटते : मुरलेल्या लाकडाचा आवाज खणखणीत, ओल्याचा बद्द येतो.