लोहकणांची वेचणी

नदीच्या पाण्यात कीटकनाशकाचा अंश किती, हे सांगणारे यंत्र कितीही महागडे असो, ते पाणी जसेच्या तसे त्याला चालत नाही. लिटरभर पाण्यात विखुरलेला तो अंश वेचून थेंबभर स्वच्छ द्रावणात आणावा लागतो. गाळ, क्षार, शेवाळ मागे राहावे लागते. विश्लेषकाचा दिवस बहुतेक याच कामात जातो, आणि अहवालात त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात. हे मला अन्यायाचे वाटते.

पूर्वी या कामाला विलगकारी नरसाळे होते. पाणी आणि त्यात न मिसळणारा विद्रावक एकत्र हलवत राहायचे आणि थर सुटण्याची वाट पाहायची. 1970च्या दशकाच्या अखेरीस शोषकाची भुकटी भरलेल्या छोट्या तयार नळ्या बाजारात आल्या. विद्रावक कमी लागू लागला, पण गढूळ पाण्याने नळी तुंबायची, आणि मोठा नमुना त्यातून उतरायला फार वेळ घ्यायचा.

शोषकातून पाणी नेण्याऐवजी शोषकच पाण्यात सोडला तर? बारीक कण सगळ्या नमुन्यात पसरतील, हवा तो पदार्थ पृष्ठभागावर धरतील. अडचण एकच: ते कण परत गोळा कसे करायचे?

या प्रश्नाची सोडवणूक दुसऱ्याच शास्त्रात आधी झाली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या रॉबिन्सन, डनिल आणि लिली यांनी 1973मध्ये विकरे चुंबकीय कणांवर बसवली. विकर महाग असते. काम झाल्यावर चुंबकाने ओढून घेतले की ते पुन्हा वापरता येते. पुढे नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला जॉन उगेलस्टाड यांनी अगदी एकसारख्या आकाराचे बहुवारिकाचे मणी बनवले. त्यांत लोहाचे ऑक्साइड भरून झालेले ‘डायनाबीड्स’ पेशी वेगळ्या करायला जगभर वापरले गेले.

1996मध्ये समुद्राच्या पाण्यातले रेडियम, शिसे आणि पोलोनियम टिपायला मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेले मॅग्नेटाइट वापरले गेले. पद्धत होती, नाव नव्हते. ते दिले चेक प्रजासत्ताकातल्या मिरोस्लावा शाफार्झिकोवा आणि इवो शाफार्झिक यांनी, 1999च्या निबंधात: चुंबकीय घनप्रावस्था निष्कर्षण. त्यांनी चुंबकीय कोळसा आणि तांबे-थॅलोसायनिन रंग बांधलेले मॅग्नेटाइट घेऊन मोठ्या द्रावणातून सॅफ्रानिन आणि क्रिस्टल व्हायोलेट हे रंग गोळा करून दाखवले. क्रिस्टल व्हायोलेटची निवड पुढे उपयोगी ठरली. माशांच्या बुरशीवर हा रंग वापरला जातो आणि तो आरोग्याला घातक आहे. 2002मध्ये याच दोघांनी पाण्यातला तो आणि मॅलाकाइट ग्रीन अत्यल्प प्रमाणातही ओळखण्याची रीत मांडली.

माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ कणाच्या आकारात आहे. फेरस आणि फेरिक क्षार 1:2 प्रमाणात घेऊन त्यात अमोनिया घातला की मॅग्नेटाइटचा काळा साका पडतो. त्यातले कण दहा-वीस नॅनोमीटरचे असले, तर चुंबक जवळ असेपर्यंतच ते चुंबकासारखे वागतात. चुंबक दूर केले की त्यांचे चुंबकत्व उरत नाही, म्हणून ते एकमेकांना कायमचे चिकटून बसत नाहीत आणि हलवले की पुन्हा द्रावणात पसरतात. मोठ्या कणांत चुंबकत्व मागे राहते, त्यांच्या गुठळ्या होतात. उघडे मॅग्नेटाइट आम्लात मात्र विरघळते. म्हणून त्यावर बहुधा सिलिकाचे कवच चढवतात, आणि कवचावर हव्या त्या पदार्थाला धरणारे रेणू.

2020मध्ये कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीआधी घशातल्या स्रावातून आरएनए वेगळा काढायला असंख्य प्रयोगशाळांनी याच कुळातले चुंबकीय मणी वापरले.

आपल्या महाविद्यालयांतही चुंबकीय निष्कर्षण सहज करता येईल. लोहाचे दोन क्षार, अमोनिया, सक्रिय कोळसा आणि एक चांगले निओडिमियम चुंबक एवढे पुरे. कोळशावर मॅग्नेटाइट पाडावे, ते मिथिलीन ब्लूच्या फिकट द्रावणात ढवळावे आणि चंचुपात्राला बाहेरून चुंबक लावावे. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हा प्रयोग प्रात्यक्षिकांत जरूर घ्यावा.