घाट उतरवणारी हवा

लोंड्याच्या फलाटावर डिझेल इंजिनाची गाडी उभी असे, सिग्नल लाल असे, तरी इंजिन मध्येच मोठ्याने घुमू लागे. गाडी मात्र जागची हलत नसे. ड्रायव्हर उतावीळ झाला, असे प्रवाशांना वाटे. खरे म्हणजे तो हवा भरून घेत असे.

वाफेच्या इंजिनाला ही यातायात नव्हती. आपल्याकडच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत आणि नळातली हवा वाफेच्या झोतानेच ओढून घेतली जाई. १९६०च्या दशकात अमेरिकेतील आल्को कंपनीच्या बनावटीची डिझेल इंजिने आली. ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-२, मीटरगेजवर वायडीएम-४. त्यांच्यापाशी वाफ कुठली? म्हणून 'एक्सप्रेसर' नावाचे जोडयंत्र बसवले गेले. त्याचे काही सिलिंडर डब्यांच्या नळातली हवा उपसत. उरलेले, म्हणजे कॉम्प्रेसर, हवा दाबून टाक्यांत भरत. तिच्यावर इंजिनाचे स्वतःचे ब्रेक आणि भोंगा चाले.

कॉम्प्रेसरमध्ये हवा आधी थोडी दाबली जाते, तापते, म्हणून ती थंड करून पुन्हा दाबतात. टाकीतला दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो झाला की झडपा उघड्या राहतात आणि दट्टे नुसतेच फिरतात. तो ८ किलोवर उतरला की काम पुन्हा सुरू. यंत्र इंजिनाच्या दांड्यालाच जोडलेले असल्याने इंजिन मंद तर हवाही मंद. म्हणून तो उभ्याउभ्याचा घुमारा.

पुढे कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. सदतीस फुटांना एक फूट उतार. व्हॅक्यूमच्या जोराला वातावरणाच्या दाबाची मर्यादा असते, दाबलेल्या हवेला ती नाही. म्हणून पुढे डब्यांनाही एअर ब्रेक आले आणि एक्सप्रेसरचा उपसणारा भाग निकामी झाला. कॉम्प्रेसरवरचा भार मात्र वाढला. नळातला दाब गेला तर ब्रेक आपोआप लागतात, ही वेस्टिंगहाउसची १८७२ सालची युक्ती. पण उतारावर ब्रेक वारंवार लावून सोडले आणि हवा तितक्या वेगाने भरली नाही, तर पुढच्या वेळी जोर उरत नाही.

चढाला ताकद लागते हे सर्वांना दिसते. उताराला साठवलेली हवा लागते, ती फलाटावरच्या त्या घुमाऱ्यातच काय ती ऐकू येई.