न्यू हॅम्पशायर डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक, २००८ : जनमत चाचण्या

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात ८ जानेवारी २००८ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. तिच्या आधी सुमारे वर्षभर घेतल्या गेलेल्या जनमत चाचण्या हे निवडणूक-सर्वेक्षणाच्या इतिहासातील ठळक अपयशाचे उदाहरण मानले जाते. अखेरच्या चाचण्यांत बराक ओबामा हे हिलरी क्लिंटन यांच्या सरासरी आठ टक्के गुणांनी पुढे होते; प्रत्यक्षात क्लिंटन २.६ टक्के गुणांनी विजयी झाल्या. या चुकीची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल सर्वेक्षणशास्त्राच्या अभ्यासात आजही संदर्भासाठी वापरला जातो.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी प्रत्येक पक्ष राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका किंवा कॉकस, म्हणजे पक्षसभा, घेतो. या लढतींतून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडले जातात. पहिली पक्षसभा आयोवा राज्यात आणि पहिली प्राथमिक निवडणूक न्यू हॅम्पशायरमध्ये, अशी परंपरा त्या काळी दृढ होती. न्यू हॅम्पशायरने पहिला क्रमांक १९२० पासून राखला होता आणि तो टिकवण्यासाठी राज्यात कायदाही आहे. राज्य लहान असल्याने तेथून निवडल्या जाणाऱ्या प्रतिनिधींची संख्या अत्यल्प असते. तरीही तेथील निकालाला मोठे महत्त्व मिळते, कारण पुढील राज्यांतील मतदार, देणगीदार आणि प्रसारमाध्यमे त्यावरून उमेदवाराचे बळ जोखतात.

राज्यातील मतदारांचा एक मोठा गट कोणत्याही पक्षाकडे नोंदणी न केलेल्या मतदारांचा असतो. मतदानाच्या दिवशी त्यांना दोन्हींपैकी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका घेता येते. मतदाराने कोणाला मत द्यायचे हे ठरवले नसेल, इतकेच नव्हे तर कोणत्या पक्षाच्या लढतीत भाग घ्यायचा हेही ठरवले नसेल, तर चाचणी घेणाऱ्याचे काम अधिकच अवघड होते. २००८ मध्ये दोन्ही पक्षांची लढत चुरशीची असल्याने ही अडचण तीव्र झाली.

## सुरुवातीच्या चाचण्यांचे स्वरूप

मतदानाच्या अनेक महिने आधी घेतलेल्या चाचण्यांत उमेदवाराच्या परिचिततेचा प्रभाव मोठा असतो. बहुतेक मतदारांनी तेव्हा उमेदवारांचा तुलनात्मक विचार केलेला नसतो. त्यामुळे विचारले असता ते ओळखीचे नाव सांगतात. प्राथमिक निवडणुकीत सर्व उमेदवार एकाच पक्षाचे असतात. सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला धरून ठेवणारी पक्षनिष्ठा येथे कामी येत नाही आणि एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे वळणे सोपे जाते.

न्यू हॅम्पशायरमध्येच याची आधीची उदाहरणे आहेत. २००३ च्या अखेरीस तेथील चाचण्यांत हॉवर्ड डीन आघाडीवर होते, परंतु जानेवारी २००४ मध्ये जॉन केरी यांनी त्यांचा स्पष्ट पराभव केला. रिपब्लिकन पक्षातही २००७ च्या उन्हाळ्यात जॉन मॅककेन यांची मोहीम कोलमडल्यासारखी दिसत होती आणि मिट रॉमनी पुढे होते. जानेवारी २००८ मध्ये मात्र मॅककेन विजयी झाले.

हिलरी क्लिंटन या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आणि न्यूयॉर्कच्या सिनेटर म्हणून देशभर परिचित होत्या. बराक ओबामा २००५ मध्ये सिनेटमध्ये आले होते. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या सर्वेक्षण केंद्राने सीएनएन आणि डब्ल्यूएमयूआर या वाहिन्यांसाठी घेतलेल्या चाचण्यांतून दोघांच्या पाठिंब्यातील बदल दिसतो.

| काळ | क्लिंटन (टक्के) | ओबामा (टक्के) |
|---|---|---|
| सप्टेंबर २००७ | ४३ | २० |
| नोव्हेंबर २००७ | ३६ | २२ |
| डिसेंबर २००७ | ३१ | ३० |
| ४–५ जानेवारी २००८ | ३३ | ३३ |
| ५–६ जानेवारी २००८ | २९ | ३९ |
| प्रत्यक्ष मतदान | ३९.१ | ३६.५ |

सप्टेंबरमधील २३ गुणांची आघाडी तीन महिन्यांत जवळजवळ नाहीशी झाली. क्लिंटन यांची उमेदवारी अटळ आहे, असा समज शरद ऋतूत या आघाडीमुळे बळावला होता. डिसेंबरच्या आकड्यांनी तो डळमळीत केला.

## आयोवानंतरचे पाच दिवस

आयोवातील पक्षसभा गुरुवारी, ३ जानेवारी २००८ रोजी झाल्या. ओबामा पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे आणि क्लिंटन तिसऱ्या आल्या. न्यू हॅम्पशायरचे मतदान त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, मंगळवारी होते. २००४ मध्ये हेच अंतर आठ दिवसांचे होते.

या पाच दिवसांत घेतलेल्या बहुतेक चाचण्यांनी ओबामांना आघाडी दाखवली. गॅलप आणि यूएसए टुडे यांच्या चाचणीत ही आघाडी १३ गुणांची, तर सफोक विद्यापीठाच्या चाचणीत ५ गुणांची होती. सर्व प्रमुख चाचण्यांची सरासरी ओबामा सुमारे ३८ टक्के आणि क्लिंटन ३० टक्के अशी होती. क्लिंटन यांच्या दुसऱ्या पराभवानंतर त्यांची मोहीम टिकेल का, याची चर्चा माध्यमांत मतदानाआधीच सुरू झाली.

याच काळात दोन घटनांना मोठी प्रसिद्धी मिळाली. ५ जानेवारीला सेंट अ‍ॅन्सेल्म महाविद्यालयात उमेदवारांची वादसभा झाली. ७ जानेवारीला पोर्ट्समथमधील एका उपाहारगृहात मतदारांशी बोलताना क्लिंटन यांचा कंठ दाटून आला. ही दुसरी घटना घडली तेव्हा अनेक चाचण्यांच्या मुलाखती संपल्या होत्या किंवा संपत आल्या होत्या.

## निकाल

क्लिंटन यांना १,१२,४०४ आणि ओबामा यांना १,०४,८१५ मते मिळाली. एडवर्ड्स यांना सुमारे १७ टक्के आणि बिल रिचर्डसन यांना ५ टक्क्यांहून थोडी कमी मते मिळाली. प्रतिनिधींची वाटणी क्लिंटन ९, ओबामा ९ आणि एडवर्ड्स ४ अशी झाली. म्हणजे उमेदवारीच्या प्रत्यक्ष हिशेबात पहिले दोघे बरोबरीत राहिले.

चाचण्यांच्या सरासरीशी निकाल ताडून पाहिल्यास चूक दोघांच्या बाबतीत सारखी नव्हती, असे दिसते. ओबामांना मिळालेली मते चाचण्यांतील आकड्याच्या जवळपास होती. क्लिंटन यांचा पाठिंबा मात्र सुमारे ९ गुणांनी कमी मोजला गेला होता. त्याच दिवशीच्या रिपब्लिकन लढतीत चाचण्यांनी मॅककेन यांच्या विजयाचा अंदाज अचूक वर्तवला होता. एकाच राज्यात, एकाच दिवशी आणि बहुतांशी त्याच संस्थांनी घेतलेल्या चाचण्यांपैकी एक संच बरोबर आणि दुसरा चूक ठरल्याने सर्वेक्षणाची पद्धतच मुळात निकामी आहे, असे म्हणता येत नव्हते.

डेमोक्रॅटिक उमेदवार डेनिस कुसिनिच यांच्या मागणीवरून मतांची अंशतः फेरमोजणी करण्यात आली. तिच्यात निकालावर परिणाम होईल अशी तफावत आढळली नाही.

## नमुना-त्रुटीची मर्यादा

चाचणीत विचारणा झालेले लोक हा सर्व मतदारांचा केवळ एक नमुना असतो. ५०० जणांच्या यादृच्छिक नमुन्यात एका उमेदवाराच्या टक्केवारीची त्रुटिमर्यादा सुमारे ४.४ गुण असते. दोन उमेदवारांमधील अंतराची त्रुटिमर्यादा मात्र याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते. त्यामुळे एखाद्याच चाचणीतील आठ गुणांची आघाडी योगायोगानेही दिसू शकते. परंतु नमुन्यातील योगायोगाची चूक कधी एका बाजूला, तर कधी दुसऱ्या बाजूला झुकते. न्यू हॅम्पशायरमध्ये अखेरच्या चाचण्या जवळजवळ सगळ्याच एका दिशेने चुकल्या. अशा एकतर्फी चुकीचे स्पष्टीकरण नमुन्याच्या आकारातून मिळत नाही. त्यामागे सर्वांना समान असे कारण शोधावे लागते.

## कारणमीमांसा

निकालानंतर लगेच अनेक स्पष्टीकरणे पुढे आली. त्यांतील सर्वांत वादग्रस्त स्पष्टीकरण ‘ब्रॅडली परिणामा’चे होते. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली हे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत चाचण्यांत पुढे असूनही पराभूत झाले होते. काही श्वेतवर्णीय मतदार कृष्णवर्णीय उमेदवाराला पाठिंबा असल्याचे चाचणीत सांगतात आणि मत दुसऱ्याला देतात, असा अर्थ त्यावरून काढला गेला. हे स्पष्टीकरण खरे ठरले असते, तर ओबामांच्या पुढील प्रत्येक चाचणीकडे संशयाने पाहिले गेले असते आणि न्यू हॅम्पशायरच्या मतदारांवरही दुटप्पीपणाचा ठपका आला असता.

प्यू संशोधन केंद्राचे अध्यक्ष अँड्र्यू कोहट यांनी वेगळी शक्यता मांडली. कमी उत्पन्न आणि कमी शिक्षण असलेले श्वेतवर्णीय मतदार चाचण्यांना कमी प्रतिसाद देतात आणि या गटाचा ओबामांना असलेला पाठिंबाही कमी असतो. त्यामुळे चाचण्यांत ओबामांचे बळ अधिक दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन क्रोस्निक यांनी मतपत्रिकेवरील नावांच्या क्रमाकडे लक्ष वेधले. सोडतीत निघालेल्या अक्षरापासून सुरू होणाऱ्या वर्णक्रमामुळे राज्यभर क्लिंटन यांचे नाव यादीच्या वरच्या भागात आणि ओबामांचे खालच्या भागात आले होते.

### तज्ज्ञ समितीचा अहवाल

अमेरिकन असोसिएशन फॉर पब्लिक ओपिनियन रिसर्च या व्यावसायिक संघटनेने मिशिगन विद्यापीठाचे मायकेल ट्रॉगॉट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने न्यू हॅम्पशायरसह साउथ कॅरोलायना, कॅलिफोर्निया आणि विस्कॉन्सिन या राज्यांतील चाचण्या तपासल्या. मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कोणतेही एकच कारण निर्णायक ठरवलेले नाही. त्यातील प्रमुख निष्कर्ष असे :

* मुलाखतींचा अल्प कालावधी : आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांतील कमी अंतरामुळे चाचण्या घाईने उरकाव्या लागल्या आणि शेवटच्या क्षणी झालेले बदल त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.
* संपर्कातील विषमता : ज्या मतदारांशी संपर्क साधण्यास अधिक प्रयत्न करावे लागले, त्यांच्यात क्लिंटन यांना पाठिंबा देण्याचे प्रमाण अधिक असल्याचे संकेत मिळाले. पहिल्याच दूरध्वनीला उत्तर देणाऱ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या घाईच्या चाचणीत असे मतदार निसटतात.
* अपुरे भारांकन : क्लिंटन यांच्याकडे कल असलेले काही गट, उदाहरणार्थ कामगार संघटनांशी संबंधित कुटुंबे, नमुन्यात कमी होते आणि त्याची भरपाई पुरेशी झाली नाही.
* संभाव्य मतदारांची निवड : कोण प्रत्यक्ष मतदान करील हे ठरवण्याच्या काही पद्धतींमुळे चूक वाढली असण्याची शक्यता समितीने नोंदवली.
* नावांचा क्रम : मतपत्रिकेवरील स्थानाचा क्लिंटन यांना काही प्रमाणात लाभ झाला असावा.

केवळ भ्रमणध्वनी वापरणारे मतदार वगळल्यामुळे चूक झाली, याला समितीला आधार मिळाला नाही. श्वेतवर्णीयांनी ओबामांचा पाठिंबा वाढवून सांगितल्याचा पुरावाही आढळला नाही. मुलाखतकार कृष्णवर्णीय असताना ओबामांना पाठिंबा काहीसा अधिक नोंदवला गेला होता. परंतु श्वेतवर्णीय मुलाखतकारांनी घेतलेल्या मुलाखतींतही ओबामाच पुढे होते. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामांनी चाचण्यांतील अंदाजापेक्षा कितीतरी मोठ्या फरकाने विजय मिळवला, ही बाबही ब्रॅडली परिणामाच्या विरोधात जाते.

क्लिंटन यांच्या भावविवशतेमुळे निकाल फिरला, हे लोकप्रिय स्पष्टीकरणही आकडेवारीतून पूर्णपणे सिद्ध होत नाही. मतदान केंद्राबाहेर घेतलेल्या चाचणीनुसार सुमारे १७ टक्के मतदारांनी शेवटच्या दिवशी निर्णय घेतला. पण त्यांची विभागणी एकूण निकालाहून फारशी वेगळी नव्हती. मतदारांत स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के होते. आयोवात ओबामांकडे झुकलेल्या स्त्रियांनी येथे मात्र ४६ विरुद्ध ३४ अशा प्रमाणात क्लिंटन यांना पसंती दिली.

## परिणाम

दोन्ही उमेदवारांना समान प्रतिनिधी मिळूनही हा निकाल क्लिंटन यांचे पुनरागमन आणि ओबामांचा धक्कादायक पराभव म्हणून नोंदला गेला. या अर्थामागे मतांच्या अंतराइतकाच चाचण्यांनी निर्माण केलेल्या अपेक्षेचा वाटा होता. सप्टेंबरमधील आकड्यांच्या तुलनेत ओबामांचे ३६.५ टक्के हे मोठे यश होते. जानेवारीतील आकड्यांच्या तुलनेत तेच अपयश ठरले. उमेदवारीची लढत त्यानंतर जूनपर्यंत चालली आणि ७ जून २००८ रोजी क्लिंटन यांनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला.

काही सर्वेक्षण संस्थांनी आपल्या पद्धतीची माहिती देण्यास विलंब केला किंवा अपुरी माहिती दिली, याबद्दल समितीने नाराजी नोंदवली. चाचणी चुकते तेव्हा तिची चूक शोधता यावी, यासाठी नमुना, भारांकन आणि प्रश्नावली खुली असणे आवश्यक आहे, हा आग्रह त्यातून दृढ झाला. संघटनेने पुढे याच उद्देशाने पारदर्शकता उपक्रम हाती घेतला आणि तो २०१४ मध्ये औपचारिकपणे सुरू केला.

## हेही पाहा

* जनमत चाचणी
* आयोवा कॉकस
* ब्रॅडली परिणाम
* अमेरिकेची राष्ट्राध्यक्षीय निवडणूक, २००८