ब्रश-साबणाची दाढी पुन्हा सुरू करताय? सोलापुरात आधी पाणी बघा, मग साबण

पुण्या-मुंबईत नोकरीला असताना अनेकांना ब्रश, सेफ्टी रेझर आणि वाटीतल्या साबणाचा नाद लागतो. मग कामाची घाई, फोमचा डबा, ट्रिमर... आणि सगळं सामान कपाटात जातं. सोलापूरला घरी परतल्यावर ते कधीतरी बाहेर निघतं आणि पहिल्याच दिवशी घोळ होतो. ब्रश तोच, साबण तोच, पण फेस येत नाही. आला तरी गालावर लावेपर्यंत बसतो आणि कोरड्या गालावरून ब्लेड खरवडत जातं.

साबण जुना झाला असेल असं समजून बरेच जण नवा, महागडा साबण मागवतात. तो आल्यावरही तेच. कारण दोष पुष्कळदा साबणाचा नसतो, बादलीतल्या पाण्याचा असतो.

शाळेतलं 'दुष्फेन' आठवतंय?

विज्ञानाच्या पुस्तकात सुफेन आणि दुष्फेन असे पाण्याचे दोन प्रकार होते. फेन म्हणजे फेस. ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही ते दुष्फेन, म्हणजे आपलं जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावतो आणि पाण्यात न विरघळणारा चिकट थर तयार होतो. बादलीच्या कडेला साचतो तोच. जितका साबण या थरात जातो, तितका फेसाला कमी पडतो.

मुंबईला मिळणारं तलावांचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. सोलापूर शहराला उजनी धरणाचं पाणी मिळतं, पण नळाला ते रोज येत नाही. त्यामुळे वापरायला अनेक घरांत बोअरचं पाणी असतं, आणि खडकातून मुरलेलं हे पाणी बहुधा जडच असतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पण १८० च्या वरचं पाणी 'खूप जड' मानलं जातं. म्हणजे प्यायला चालणारं पाणी दाढीला चालेलच असं नाही.

दोन बाटल्यांची चाचणी

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत रोजचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत दाढीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. पहिलीत फेस कमी आणि पाणी दुधाळ दिसलं, तर चोर सापडला. (ही चाचणी शाम्पू किंवा बॉडी वॉशने करू नका, ते जड पाण्यातही फेसाळतात.)

उपाय फुकटातला आहे. ब्रश भिजवायला आणि फेस करायला अर्धी वाटी आरओचं पाणी घ्या. तोंड धुवायला नेहमीचंच चालेल. मात्र आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

मग कोणता साबण?

आरओ नसेल तर सुरुवात मऊ साबणाने किंवा क्रीमने करा. कडक वडीवरून ब्रशला साबण घ्यायला वेळ लागतो. मऊ साबण पटकन आणि भरपूर उचलला जातो, आणि जड पाण्यात साबण जास्तच लागतो. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पामोलिव्ह, ओल्ड स्पाइस, व्ही-जॉनसारख्या ट्यूबना हौशी मंडळी नाकं मुरडतात, पण हात पुन्हा बसेपर्यंत त्या पुरेशा आहेत.

डबी घ्यायची असेल तर पुढचं चित्र सोडा, मागची यादी वाचा. स्टिअरिक अॅसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड, किंवा पोटॅशियम स्टिअरेट, वरच्या नावांत हवं. स्टिअरिक अॅसिडमुळे फेस घट्ट आणि टिकाऊ होतो, पोटॅशियममुळे साबण मऊ राहतो. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. यादीत ईडीटीए दिसलं तर आपल्यासाठी बरंच, कारण ते पाण्यातले क्षार बांधून ठेवतं. अंघोळीचा साबण वाटीत घोळून काम भागवणारे असतात, पण तो फेस लवकर बसतो.

परदेशी साबण मागवताना एक गोष्ट बघायलाच हवी. यादीत 'टॅलो' किंवा 'टॅलोएट' असेल, तर त्यात जनावराची चरबी आहे. तुर्कस्तानची स्वस्त आणि लोकप्रिय आर्को कांडी याच प्रकारातली. अनेक घरांत हे चालणार नाही, आणि डबी फोडल्यावर कळून उपयोग नसतो. नुसतं स्टिअरिक अॅसिड लिहिलेलं असेल तर ते वनस्पतीचं की प्राण्याचं, हे नावावरून ओळखता येत नाही. हिरवा ठिपका किंवा 'व्हीगन' असा उल्लेख शोधा. हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गोदरेजने १९१८ च्या सुमारास 'चावी' साबण काढला, तो चरबी नसलेला म्हणूनच.

इटलीच्या प्रोरासोच्या हिरव्या डबीत निलगिरी आणि मेंथॉल असतं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात तो थंडावा सुखाचा वाटतो. थंडीत किंवा त्वचा लगेच लाल होत असेल तर मेंथॉल आणि उग्र वास दोन्ही टाळा.

कपाटातल्या जुन्या साबणाचं काय?

लगेच फेकू नका. वडी वाळून तडकली असेल तर वर चमचाभर कोमट पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, बहुतेक वेळा ती पुन्हा कामाला येते. वास उडाला असला तरी हरकत नाही. खवट तेलासारखा वास येत असेल तर मात्र टाकून द्या. जुन्या ब्रशच्या मुळाशी पांढरा थर जमला असेल, तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा. तोही जड पाण्याचाच उद्योग.

दाढीपूर्वी गरम ओला टॉवेल चेहऱ्यावर ठेवला की खुंट मऊ होतात. त्यासाठी परदेशी टॉवेलच्या जाहिराती दिसतील, पण सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. तो घरात असेलच.