डोक्यावरचा दिवा

गेल्या जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, आम्ही इस्लामपुरातील एका हार्डवेअरच्या दुकानात डोक्याला बांधायची बॅटरी घेण्यासाठी गेलो होतो. (या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला; जिभेवर मात्र अजून जुनेच नाव आहे.) दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "पाणी पाजायला पायजे का मासं धरायला?" शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, त्यामुळे उसाच्या सरीत पाणी सोडणारे आणि कृष्णा-वारणेच्या काठी गळ टाकून बसणारे, असे या वस्तूचे दोन प्रकारचे गिऱ्हाईक त्याच्याकडे येत असावे. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. पण दोन्हींच्या दिव्यांत फरक कोणता, हे आम्हांला सांगता येईना. मराठीच्या अध्यापकांनी या प्रश्नात पडावे काय, असे वाचक विचारतील. परंतु दिव्याचा इतिहास हा काही अंशी शब्दांचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या परिसरातूनच गेलेला आहे.

मशाल, दिवटी, टेंभा, हिलाल या शब्दांना एक गोष्ट समान आहे: हा उजेड धरायला माणूस लागतो, आणि तो उजेड बहुधा त्याच्यासाठी नसतो. मशालजी, दिवट्या, हिलालकरी ही माणसांची नावे त्यातूनच आली. पुढे 'टेंभा मिरवणे' आणि 'दिवटे चिरंजीव' असे उपहासही त्याच शब्दांतून निघाले. कऱ्हाडजवळच्या पालीला खंडोबाच्या जत्रेत दिवटी पाहिली, की तिच्यासोबतची बुधलीही दिसते. तेल सतत पाजावे लागे, म्हणून उजेडाबरोबर त्याचा खर्चही हातातच वागवावा लागे.

वरातीतील गॅसबत्ती आमच्या पिढीने पाहिली आहे. ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसे वऱ्हाडाच्या दोन्ही अंगांनी चालत. उजेड नवरा-नवरीवर पडे. वाहणाऱ्याच्या पायापाशी त्याच्याच टोपलीची सावली असे. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण तेथे शब्दशः खरी होती. डोक्यावर दिवा असणे म्हणजे आपल्याकडे दीर्घकाळ दुसऱ्याची चाकरी करणे होते, हे विसरता कामा नये.

नदीकाठच्या गरिबाला दिवट्या परवडणारा नव्हता. त्याला जमिनीवर ठेवता येईल असा दिवा हवा होता. तो कंदिलाने दिला, आणि त्या कंदिलाचे एक मोठे घर आपल्याच मुलखात होते. कऱ्हाडजवळ, औंध संस्थानने दिलेल्या जागेवर, ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचकारखाना काढला. तेथे वसलेली ओगलेवाडी आणि तेथून निघालेला 'प्रभाकर' कंदील ही नावे महाराष्ट्रभर पोचली. काच वाऱ्याला अडवी, मूठ फिरवली की वात खाली जाई, आणि काठावर कंदील ठेवून दोन्ही हातांनी गळाला गांडूळ लावता येई. आज तो कारखाना बंद आहे. गावाचे नाव तेवढे उरले आहे.

कंदिलानंतर विजेरी आली. अमेरिकेत हातातल्या विजेरीचे पेटंट १८९९ मध्ये दिले गेले आणि कलकत्त्यात एव्हरेडीचा पहिला कारखाना १९३९ मध्ये उभा राहिला. आपण लिहिताना 'विजेरी' लिहितो, बोलताना 'बॅटरी' म्हणतो, आणि जी खरी बॅटरी तिला 'सेल' म्हणतो. दोन सेलची, तीन सेलची असे मापही त्यावरूनच पडले. पण विजेरीने एक हात पुन्हा अडकवला. ती काखेत दाबून किंवा दातांत धरून गाठ मारणारी माणसे आम्ही बहे-बोरगावच्या काठावर लहानपणी पाहिली आहेत.

हा हात मोकळा करण्याची युक्ती मासेमारीतून नव्हे, खाणीतून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील खाणकामगारांच्या टोपीवर कार्बाइडचा दिवा आला. १९१५ च्या सुमारास एडिसनने कमरपट्ट्यावर विजेचा साठा आणि टोपीवर दिवा अशी जोडणी दिली. उघड्या ज्योतीने खाणीत स्फोट होत, म्हणून ती गरज होती. १९९३ मध्ये शूजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा एलईडी शक्य झाला, आणि २०१४ मध्ये त्या संशोधनाला अकासाकी व अमानो यांच्यासह नोबेल मिळाले. इस्लामपूरच्या दुकानात दोरीवर टांगलेली बॅटरी या साखळीची शेवटची कडी आहे. माणसाच्या डोक्यावरचा दिवा प्रथमच त्याच्या स्वतःसाठी आला, ही आमच्या मते या इतिहासातील मोठी घटना होय.

मात्र आणखी एक गोष्ट त्याबरोबर घडली. तेल संपे, रॉकेल मोजून मिळे, सेल महाग होते. म्हणून उजेड जपून वापरला जाई. ही मर्यादा आता गेली. दोन सेलच्या जुन्या बॅटरीचा उजेड पंधरा-वीस ल्यूमेनच्या आसपास असे. आज हजार ल्यूमेन सहज विकत मिळतात.

त्याचा अर्थ आम्हांला त्याआधीच्या वर्षी कळला होता. पहिल्या पावसात नदीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून, शेताच्या ओघळींतून वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. उसन्या आणलेल्या एका प्रखर बॅटरीने आम्ही एका ओढ्यावर उजेड टाकला, तर वीतभर पाण्यातली प्रत्येक पाठ दिसू लागली. तासाभरात बुट्टी भरली. घरी मासे चिरताना जवळजवळ प्रत्येकात गाभोळी निघाली. स्वयंपाकघरात कोणी काही बोलले नाही, परंतु ते कालवण आम्हांला गोड लागले नाही. चढणीचे मासे पूर्वीही धरले जात. पण कंदिलाच्या उजेडात जेवढे दिसत त्याहून अधिक निसटत, आणि त्या निसटण्यावरच पुढचे वर्ष उभे असे.

हे केवळ ओढ्यापुरते नाही. समुद्रात एलईडीच्या झोताने मासळी गोळा करून उपसण्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी तक्रारी केल्या, आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. ओढ्याकाठी मात्र ज्याची मर्यादा त्यानेच ठरवायची असते.

त्यामुळे दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांला देता येते. पाणी पाजणाऱ्याला सरीचे टोक दिसावे लागते, बांधावरचा साप लांबून दिसावा लागतो. त्याला दूर जाणारा झोत हवा. गळ टाकणाऱ्याला आपली बोटे, दोरीची गाठ आणि पुढचे पाऊल एवढेच दिसले तरी पुरते. वाम रात्री चरते; तिला शोधायचे नसते, तिची वाट पाहायची असते. त्याला शे-दीडशे ल्यूमेन पुष्कळ झाले, आणि त्याहून मंद अशी एक पायरी हवीच. तांबडा उजेड असल्यास उत्तम. डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो. पांढऱ्या झोताने तो सराव क्षणात मोडतो, तांबड्या मंद उजेडाने फारसा मोडत नाही. पावसाचे शिंतोडे सोसण्यासाठी निदान 'आयपीएक्स ४' ही खूण पाहावी. पाण्यात पडण्याची भीती असेल तर 'आयपीएक्स ७'. दिवा खाली वळवता यावा, बटण एकच असावे आणि ते ओल्या बोटांनी दाबता यावे. सेल तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळणारे असावेत, कारण चार्जिंग संपलेला दिवा निसरड्या घाटावर जीवावर बेतू शकतो. म्हणूनच खिशात दुसरी छोटी बॅटरी ठेवावी.

आणखी एक रीत सांगावीशी वाटते. डोक्यावर दिवा बांधलेला माणूस ज्याच्याशी बोलायला वळतो त्याचे डोळे दिपवतो. बोलण्यापूर्वी दिवा खाली वळवावा किंवा झाकावा. आम्हांला हे कृष्णाकाठच्या एका म्हाताऱ्या भोयाने शिकवले. "मास्तर, त्यो दिवा तुमच्यासाठी हाय, माझ्या डोळ्यासाठी न्हाई," एवढेच तो म्हणाला.

त्या दिवशी आम्ही तीन बारीक सेलवर चालणारा, तांबडा उजेड देणारा, साधा दिवा घेतला. दुकानदाराने त्याहून दुप्पट प्रखर दिवा थोड्याच पैशांत पुढे केला होता. तो आम्ही परत दिला.